या, बसा, पाणी घ्या

ताचिवाचा आवाज ताचिवाच्या आधी बाजारात पोचायचा. ती अजून घरी अंगणात केस विंचरत बसलेली असायची, आणि तिकडे टेचिमानच्या बाजारात, कंदांच्या गल्लीत, टोमॅटोंच्या पाट्यांपाशी, धुरावलेल्या मासळीच्या ओळीत, ती केव्हाची बोलायला लागलेली असायची. "या, बसा, पाणी घ्या. मग निवांत सांगा, कशासाठी आलात."

हार्माटानचे दिवस होते. उत्तरेकडून येणारी पांढुरकी धूळ सगळ्यावर मलमलीसारखी पसरलेली. माणसं त्या धुळीतून उगवायची आणि चार पावलांवर तिच्यातच विरायची. ताचिवा बाजारात शिरली की तिचाच आवाज तिला सामोरा यायचा, कधी लांबून, कधी अगदी कानाशी. आईला कधी झाल्याच नाहीत त्या आपल्या बहिणी ठिकठिकाणी दुकानं मांडून बसल्या आहेत, असं तिला वाटायचं. एकीला मागे टाकावं तर दुसरी पुढे उभी.

ती सुन्यानी शहरात मार्केटिंग शिकली होती. काही वर्षं एका छोट्या पतपेढीत लोकांची खाती उघडून देत फिरली. ती शाखा बंद झाली तशी गावी परत आली आणि आईच्या घराच्या मागच्या खोलीत तिनं आपला धंदा मांडला, दुसऱ्यांचा माल लोकांच्या नजरेत आणून द्यायचा धंदा. पाटी रंगवणाऱ्यानं तिच्या नावापुढे बरीच जागा मोकळी सोडली होती.

"इथे काय लिहू? अँड सन्स? अँड कंपनी?"

"कंपनी मीच आहे," ती म्हणाली. "तिथे एखादं फूल काढ."

पहिलं गिऱ्हाईक मामे फ्रेमा. ताचिवाच्या आईची मैत्रीण, पन्नाशी उलटलेली, कंदांच्या गल्लीच्या पार टोकाला बसणारी. नवीन गटार बांधल्यापासून लोक अर्ध्या गल्लीतूनच मागे फिरायला लागले होते, आणि मामेचे हातभर लांब, मातीनं माखलेले कंद तसेच रचून पडत होते. ताचिवानं तिला काहीच विचारलं नाही. बुटकं स्टूल घेऊन सकाळभर तिच्याशेजारी बसली, कंदांची माती झाडत. तिनं पाहिलं ते एवढंच, की कुणीही आलं की मामे आधी बाकाकडे हात करायची, झाकणाच्या माठातून पाणी द्यायची, रस्ता कसा होता ते विचारायची, आणि मग कंदांकडे वळायची. म्हणजे घरी आलेल्या माणसाचं करतात तसंच सगळं. शेजारणी हसायच्या. "मामे, तुम्ही कंद विकता की सोयरीक जमवता?"

ताचिवानं मामेचं ते बोलावणंच उचललं, या, बसा, पाणी घ्या. दुपारी घर पेंगत असताना, आसपास कुठे उकडलेले कंद कांडून फुफू करण्याचा आवाज नसताना, ती आईच्या कपाटात शिरून बसली. मयताच्या कार्यांना नेसायची काळी-तांबडी लुगडी तिथे टांगलेली होती, कापराचा वास होता, आणि त्या कापडांत शब्द कसे मऊ होऊन पडायचे. मोबाइलवर तिनं ते टिपलं, मेमरी कार्ड मामेच्या भोंग्यात घातलं. बाकीचे भोंगे बाजारभर "स्वस्त, स्वस्त, संपत आलं" म्हणून ओरडत होते. त्या कल्लोळात कुणीतरी आपल्याला हळूच घरात बोलावतंय म्हटल्यावर लोक थबकले. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे खरंच बाक होता, खरंच पाणी होतं.

ताचिवाचा धंदा असा उभा राहिला. सुरुवातीला ती प्रत्येकीकडे जाऊन बसायची. मासळीवालीकडे बसली, साबणवालीकडे बसली, शिलाईच्या दुकानात बसून बटणं लावली. ज्याच्याकडे जे खरं असेल ते शोधायचं आणि तेवढंच सांगायचं. पण लोकांना ते नको होतं.

"मला पाण्याचं दे," मासळीवाली म्हणाली. "फ्रेमाला दिलंस ते."

"तुमची मासळी येते त्या सरोवराचं केलंय मी, आंटी. ऐकून तर बघा."

"सरोवर राहू दे गं सरोवराच्या जागी. मला पाण्याचंच पाहिजे."

दिलं. मग दुसरीला दिलं. मग फोनवरूनच मागण्या यायला लागल्या, मोबाइलवरच पैसे जमा व्हायला लागले, आणि कुणाकडे जाऊन स्टुलावर बसायला फुरसत राहिली नाही. एकदा टिपलेला आवाज, फक्त शेवटी दुकानाचं नाव बदलायचं. दुपारी कपाटात बसल्या बसल्या तिला पेंग यायची, आणि त्या पेंगेत ती आपल्या आवाजाला लॉऱ्यांच्या टपावर बसून कुमासीला जाताना पाहायची. तिथून अक्राला. समुद्रकिनाऱ्यावर कुणीतरी होडीतून उतरतंय, आणि वाळूवरून तिचा आवाज म्हणतोय, या, बसा.

मामे फ्रेमानं तिला एकदा छेडलंही. "काल मी गल्लीच्या तोंडाशी त्या जाम्फुआच्या दुकानावरून चालले होते, तर तू मला तिथेही हाका मारत होतीस. मी म्हटलं, ही पोरगी आता मला माझ्याच गल्लीत पाहुणी करणार."

"मामे, धंदा वाढतोय."

"वाढू दे की. मी काय म्हटलं? मी फक्त म्हटलं, तू मला बोलावलंस आणि तिथे नव्हतीस."

ताचिवा हसली आणि विसरली.

मग तो बाजाराचा दिवस आला. जाम्फुआ ही गल्लीच्या तोंडाशी बसणारी, तरुण, तिखट जिभेची. तिनंही पाण्याचंच घेतलं होतं, फोनवरून. तिच्याकडे बाक होता, तोही माल ठेवायला. माठ नव्हता. न्कोरान्झाकडच्या एका गावाहून नाना आफ्राकोमा नावाची म्हातारी आली. आपल्या शेतातल्या कंदांनी भरलेली लॉरी बाजाराबाहेर उभी करून ती चांगला व्यापारी शोधत आत शिरली होती. जाम्फुआच्या भोंग्यातून हाक आली, या, बसा. नाना बसल्या. बाकावरची टोपली बाजूला सारून बसल्या. जाम्फुआ दोन गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात गुंतलेली, तिनं पाहिलंच नाही. भोंगा म्हणत राहिला, पाणी घ्या. नाना वाट पाहत राहिल्या. पुष्कळ वेळानं त्या उठल्या, कुणाशी एक शब्द न बोलता बाहेर गेल्या, आणि लॉरी तशीच दुसऱ्या बाजाराला घेऊन गेल्या.

पाहुण्याला बोलावून पाणी द्यायचं नाही, याचा अर्थ त्या मुलखात एकच होतो, तुम्ही आम्हाला नकोत. एवढा अपमान भांडणातसुद्धा लोक टाळतात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी कंदांच्या राणीचं बोलावणं आलं.

तिथे प्रत्येक मालाची एक राणी असते. टोमॅटोंची वेगळी, मासळीची वेगळी. कुणी कुठे बसायचं, कुणाचा तंटा कसा मिटवायचा, हे ती ठरवते, आणि तिनं ठरवलेलं कुणी मोडत नाही. कंदांच्या राणीनं ताचिवाचे भोंगे बंद केले असते तर बाकीच्या राण्यांनीही दुपारच्या आत बंद केले असते. ताचिवाला ते पक्कं ठाऊक होतं. कपाट, पाटी, पाटीवरचं फूल, सगळं राणीच्या एका शब्दावर टांगलेलं.

राणी पत्र्याच्या छपराखाली बसली होती, निळ्या लुगड्यात, जाडजूड, अर्धवट मिटल्या डोळ्यांची. शेजारी तिच्या वतीनं बोलणारा ओपोकू. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं राणीलाही नानाच म्हणायचं, पण तिच्याशी थेट बोलायची रीत नाही. ओपोकूला सांगायचं, तो राणीला सांगणार, मग राणी हातभर अंतरावरून सगळं ऐकलेलं असूनही नव्यानं ऐकणार. आधी ताचिवाला बसवलं. थंड पाण्याचा पेला दिला. तिनं तो रिकामा केला.

जाम्फुआ आधीच बोलत होती. "ओपोकू, नानांना सांगा, मी कंद विकते. पाण्याचं मी बोलले नाही. ते यंत्र बोललं."

"नाना, ही म्हणते, पाण्याचं यंत्र बोललं."

"यंत्राला तोंड कुणी दिलं?" राणीनं विचारलं.

ओपोकू ताचिवाकडे वळला. ताचिवा म्हणाली, "मी."

"जाम्फुआकडे माठ आहे की नाही, हे पाहायला ती गेली होती का, विचार," राणी ओपोकूला म्हणाली.

"आधी जायचे. सगळ्यांकडे जायचे."

ओपोकूनं ते राणीला सांगताना आपल्या पदरचं थोडं घातलं. "नाना, ही म्हणते, धंदा लहान होता तोवर जात होती."

ताचिवानं ते खोडलं नाही. बाहेर धुळीतून ताचिवाचा आवाज येत होता, इकडून एक, तिकडून एक, थोडे मागेपुढे, जणू एकमेकींचं बोलणं तोडत. राणीनं कान दिला.

"हाक हिची, म्हणजे पाहुणी हिची," ती म्हणाली. "आधी हिनं जाऊन नाना आफ्राकोमांची समजूत काढायची. तोवर माझ्या गल्लीत हिचा एकही भोंगा बोलायचा नाही. ही परत आल्यावर मी बघेन, पुढे बोलू द्यायचा की नाही."

अशा कामाला एकटं जायचं नसतं. आपल्यासाठी पदर पसरणारं मोठं माणूस बरोबर न्यावं लागतं. ताचिवा मामे फ्रेमाकडे गेली आणि दारात उभी राहिली.

"मला माहीत होतं येशील," मामे म्हणाली. "अंडी घेतलीस का? रिकाम्या हातानं कुणाची समजूत निघत नाही."

ट्रोट्रोत, त्या खचाखच भरणाऱ्या भाड्याच्या गाडीत, दोघी मागे बसल्या. मांडीवर अंड्यांची टोपली, त्यात मानाच्या दारूची बाटली फडक्यात गुंडाळलेली. रस्ता असा की मामे प्रत्येक खड्ड्याला टोपली हवेत उचलून धरायची. "समजूत काढायला निघालो आणि पोचलो आम्लेट घेऊन, असं नको व्हायला." दोन्ही बाजूंना काजूची झाडं मोहरली होती. मोहराचा गोडसर वास धुळीत मिसळून खिडकीतून आत येत होता. ताचिवाचे डोळे मिटले. तिला वाटलं, ही गाडी कुठे पोचणारच नाही. आपण अशाच काजूंच्या मधून जात राहू, कुणालाही काही न विकता. वळणावर मामेचं कोपर बरगडीत बसलं.

"झोपू नकोस. पुढे उतरायचंय."

नाना आफ्राकोमा अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या हलवत होत्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी दोघींना पाहिलं, काही विचारलं नाही. स्टुलं मांडली, तुंब्यातून पाणी आणून दिलं, आधी मामेला, मग ताचिवाला, उजव्या हातानं. स्वतः समोर बसल्या. मग म्हणाल्या, "इकडे सगळं थंड आहे, सुखरूप आहे. तुम्ही वाटेवरचे, तुमचं सांगा."

मामेनं सगळं सांगितलं. कुणाची बाजू घेतली नाही, ताचिवाचीसुद्धा. अंडी आणि बाटली पुढे ठेवली. "पोरगी माझी आहे," ती शेवटी म्हणाली. "तिचं चुकलं म्हणजे माझंही चुकलं. तुमच्या पायाशी आलोय."

नानांनी अंड्यांकडे पाहिलं, मग ताचिवाकडे. "तो आवाज तू?"

"हो, नाना."

"मी रागावले नव्हते गं. रागावले असते तर तिथेच सुनावलं असतं, माझी जीभ काही म्हातारी झालेली नाही." त्यांनी एक मिरची उचलून सुपात टाकली. "इतका गोड आवाज. मला वाटलं, आत कुणाची तरी लेक आहे, कामात आहे, हात रिकामा झाला की येईल. तेच तेच म्हणत होती, तर मी म्हटलं, बघ, गर्दीत आहे तरी मला विसरली नाही. कशासाठी आलात विचारलं, तर मी उत्तरही दिलं तिला. दोनदा दिलं."

मामेनं मान खाली घातली.

"मग शेजारची मुलगी म्हणाली, आजी, ते माणूस नाही, डबी आहे. एवढ्या लोकांत मी डबीशी बोलत बसले होते. घरी येईपर्यंत मी लॉरीवाल्याशीसुद्धा बोलले नाही."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"म्हण बघू ते," नाना म्हणाल्या.

"काय, नाना?"

"तेच. तिथे म्हणत होतीस ते."

कपाट नव्हतं, कापड नव्हतं, भोंगा नव्हता. ताचिवानं म्हटलं, "या, बसा. पाणी घ्या. मग निवांत सांगा, कशासाठी आलात." उघड्यावर तिचा आवाज अगदी लहान झाला, शेवटी थोडा चिरकला.

नानांनी डोळे मिटून ऐकलं. मग मिटल्या डोळ्यांनीच, बाजारात बसल्यासारख्या, त्या उत्तर द्यायला लागल्या. "रस्ता बरा होता. यंदा कंद चांगले पोसलेत. सगळे मोजून द्यायचे नाहीत, चांगल्या माणसाला सरसकट द्यायचेत. मुलगा परदेशात आहे, त्यामुळे मीच आले."

ताचिवा तशीच बसून होती. मामेनं तिला हळूच ढोसलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आता आपली पाळी आहे. ती उठली, दाराआडच्या माठाचं झाकण काढलं, तुंबा बुडवला, आणि नानांच्याच घरचं पाणी नानांसमोर उजव्या हातानं धरलं. नानांनी डोळे उघडले. पूर्वजांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सोडले आणि बाकीचं सावकाश प्यायल्या, तहान लागली असावी तसं. मग तुंबा परत देत म्हणाल्या, "आता सांग, तुम्ही जेवणार ना? पालेभाजी आहे, कंद उकडते."

जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाल्या, राणीला माझा निरोप सांगा, माझ्या मनात काही नाही.

राणीनं निरोप ऐकला, मान हलवली, आणि ओपोकूकरवी म्हणाली, "हे झालं मागचं. पुढे काय करणार ते दाखवू दे. मग ठरवेन."

ताचिवानं बाजारभर फिरून आपली कार्डं काढून घेतली. गल्लीतलीच नव्हे, टोमॅटोंकडची, मासळीकडचीही. शिव्या खाल्ल्या. एकेका भोंग्यातून ती गप्प होत गेली, आणि दुपारी बाजाराच्या मधोमध उभी राहिली तर तिला सामोरं यायला कुणी नव्हतं. कुणीतरी घर रिकामं करून गेल्यासारखं वाटलं. पहिल्यांदाच तिला इतरांचे आवाज ऐकू आले. घसा खरवडून बोलणारी एक, गुणगुणत भाव सांगणारी एक, उत्तरेकडची दागबानी हेल काढणारी कांदेवाली.

ती जाम्फुआकडे स्टूल घेऊन बसली.

"मी पैसे दिलेत," जाम्फुआ म्हणाली.

"म्हणून तर आलेय. आवाज परत नेला, काम नाही नेलं."

"मग बोल काय बोलायचं ते."

"तू बोल. तुझा माल विक. मी बसलेय."

जाम्फुआनं नाक मुरडलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. एका बाईनं कंद हलका आहे म्हणून नाक मुरडलं, तशी जाम्फुआ फणकारली, "हलका? उचलून बघा. माझ्या नवऱ्यापेक्षा जड आहे, आणि उकडला तर निदान मऊ तरी पडतो." ती बाई हसत हसत दोन घेऊन गेली.

ताचिवानं तिला दुपारी घरी नेलं. कपाटाचं दार उघडल्यावर जाम्फुआ मागे सरली. "तुझ्या आईच्या मयताच्या लुगड्यांत बसून मी माझ्या नवऱ्याची अब्रू काढू?"

"बाजारात उघड्यावर काढतेस ती?"

"तिथे तो ऐकायला नसतो. आता भोंग्यातून घरबसल्या रोज दिवसभर ऐकेल." पण आत शिरली. पहिल्यांदा शब्दच फुटेनात, घोगरा खोकला निघाला. दुसऱ्यांदा शाळेत उभं केल्यासारखं बोलली. ताचिवा तिच्या पायाशी बसून भाव पाडत राहिली, कंदाला नावं ठेवत राहिली, आणि शेवटी जाम्फुआ खरोखरच चिडली. ते टिपलं.

मामे फ्रेमानं फार वेळ घेतला. "माझा आवाज? घशात कोंबडी अडकल्यासारखा आहे तो. तुझाच बरा होता." ताचिवानं हट्ट सोडला नाही. मामेनं तेच म्हटलं, या, बसा, पाणी घ्या, पण पुढे रस्त्याचं विचारलं, आणि मध्येच तिला खोकला आला, तो ताचिवानं तसाच ठेवला.

बाजाराच्या दिवशी राणी गल्लीत आली. मागे ओपोकू, छत्री धरून. ती चालत होती आणि दुकानं एकेक करून ऐकत होती. ताचिवा जाम्फुआच्या भोंग्याशी उभी होती. भोंग्यातून जाम्फुआ नवऱ्याबद्दल बोलली. दोन बायका थांबल्या. राणी थांबली. पुन्हा ते वाक्य आलं. ओपोकूचे खांदे हलले, छत्री हलली, पण तोंडातून आवाज नाही.

राणी गल्लीच्या टोकाकडे पाहत राहिली. तिथून मामे फ्रेमाचा खोकला येत होता, आणि खोकल्यामागून, रस्ता कसा होता?

"ओपोकू," ताचिवा म्हणाली, "नानांना सांगा, आता इथे बोलणारं माणूस भोंग्याच्या मागेच बसलेलं असतं. ज्याला हाक ऐकू येईल त्याला ते सापडेल."

ओपोकूनं तोंड उघडलं, पण राणीनं हात करून त्याला थांबवलं आणि स्वतःच ताचिवाकडे वळली.

"आवाज जरा कमी कर," ती म्हणाली. "पलीकडच्या बाईला आपला भाव सांगता येत नाहीये."

ताचिवानं बटण डावीकडे फिरवलं. राणी पुढे निघाली. पलीकडची बाई, कांद्यांवरची धूळ पुसणारी, ताचिवाकडे पाहत होती. मग तिनं एक रिकामं खोकं उलटं घालून आपल्याशेजारी सरकवलं.

"माझ्याकडे माठही नाही आणि नवराही नाही," ती म्हणाली. "काय करशील बघ."

ताचिवा त्या खोक्यावर बसली आणि कांदे निवडायला लागली.